छिन्नी ठेवावी

दगड परत आला तो पावाच्या गाडीतून, मैद्याच्या पोत्यात गुंडाळून, आणि तोही रविवारी सकाळी, जेव्हा या घरात कुणी कुणाशी धड बोलायच्या स्थितीत नसतं. बेकरीवाल्याने तो कारखान्यातल्या मधल्या टेबलावर स्वतः ठेवला, पोतं सोडलं आणि हात झटकले.

“वाचा,” तो म्हणाला.

वाचायची पाळी चिरंजीवांवर आली. चिरंजीव म्हणजे आबांचा एकुलता एक मुलगा, वय वर्षं बावन्न. लहानपणी एका तापातून वाचले तेव्हा पडलेलं हे नाव टक्कल पडलं तरी सुटलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला.

“मातोश्रींच्या,” ते म्हणाले आणि थांबले. “मरणार्थ.” मग जास्त वेळ थांबले. “त्यांच्या लेकरांकडून.”

“स्मरणार्थ हवं होतं,” बेकरीवाला म्हणाला. “सांगून ठेवतो, कारण तुमच्या घरात कुणाला माहीत नसावं. काल वाचनालयाच्या नव्या खोलीत पडदा मी ओढला. ग्रंथपालबाईंनी माईकवरून वाचून दाखवलं. अडीचशे माणसं बसली होती. माझी धाकटी बहीण काय म्हणाली, ऐकायचंय?”

कुणालाच ऐकायचं नव्हतं.

“म्हणाली, चला, दगड तरी खरं बोलला. आईला भट्टीवरच्या गरम खोलीत ठेवून मी मारलं, असं ती वर्षभर सांगत फिरतेय. आता तिच्याकडे लेखी पुरावा आहे. कोरीव.”

मग त्याने आतल्या दारावरच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. तो दगड आबांच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने कोरून बसवलेला. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती या घरात अशी खरोखरच होती: ‘ज्याच्या हातून अक्षर गळेल त्याने छिन्नी ठेवावी.’

“नियम तुमचा, मी नाही केलेला,” बेकरीवाला म्हणाला. “चार वाजता येतो. छिन्नी कुणी ठेवली ते दाखवा. नाहीतर हा दगड असाच बेकरीच्या दाराशी लावतो आणि खाली लिहितो, कोरणारे कोण ते.”

तो बाहेर पडला तोवर आबा जिना उतरून आले होते. त्यांनी दगड पाहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने जितकं ताठ उभं राहावं त्याहून जास्त ताठ उभं राहून पाहिला. मग नातीकडे पाहिलं. नात म्हणजे चिरंजीवांची मुलगी, कानस. लोखंड घासायच्या कानशीवरून हे नाव. तिचं बोलणं एकदा लागलं की साल निघतं.

“मधली ओळ मी कोरली,” आबा म्हणाले. “आखल्याप्रमाणे कोरली.”

एवढं बोलून ते चहा न घेता वर गेले.

त्या दोन वाक्यांत काय होतं ते या घराबाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगावं लागतं. इथे दगडावर आधी पेन्सिलीने अक्षरं आखतात, मग ती सुईने ओरखडून पक्की करतात, आणि मग दुसऱ्याने छिन्नी चालवायची. आखणारा वाचतो, कोरणारा वाचत नाही. वाचायला लागलं की हात घाई करतो, असं आबांच्या आजोबांचं मत. तेव्हा कोरणाऱ्याने आखलेलंच कोरलं असेल, तर अक्षर गळलं ते आखणाऱ्याच्या हातून. या दगडाची आखणी कानसची होती. म्हणजे आबांनी नातीला दोन वाक्यांत फाशी दिली होती आणि तोंड लपवायला वर निघून गेले होते.

आणि या नियमाने या घरात एक फाशी आधीच झालेली होती. एकतीस वर्षांपूर्वी एका मुख्याध्यापकांच्या स्मृतिशिळेवर ‘विनम्र वंदन’ऐवजी ‘विनम्र वदन’ पडलं. मुख्याध्यापकांचं वदन हयातभर विनम्र नव्हतं, त्यामुळे गाव आठ दिवस हसलं. आबांनी सख्ख्या धाकट्या भावाची छिन्नी काढून घेतली आणि ‘या घराची पायरी चढू नकोस’ म्हणून सांगितलं. तेव्हापासून तो तीन गल्ल्या सोडून छत्र्या दुरुस्त करतो. सारं गाव त्याला अनुस्वार म्हणतं, आणि घरातली मुलंसुद्धा अनुस्वारकाका.

*

दुपारी दोनला बैठक बसली. आबा वर झोपले होते, निदान खोलीचं दार तरी बंद होतं. खाली चिरंजीव, त्यांची बायको सूनबाई, कानस, आणि निरोप मिळताच वाऱ्याच्या वेगाने येऊन पोहोचलेली आत्या. आत्या म्हणजे चिरंजीवांची थोरली बहीण, शाळेत छत्तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झालेली. लग्नाच्या आमंत्रणातसुद्धा चुका काढून परत पाठवणारी बाई.

“हे बघा,” कानस म्हणाली. तिने दगडाच्या डाव्या कडेवरचा मैदा ओल्या फडक्याने पुसला. ‘म’च्या आधी, रिकाम्या जागेत, केसाइतका बारीक ओरखडा होता. अर्धा स. गोल, डौलदार, हुबेहूब. “आखणीत आहे. सकाळी बेकरीवाल्याच्या आधी मी पाहिलं, म्हणून वर हात ठेवून उभी होते.”

“म्हणजे आबांनी कोरलाच नाही,” आत्या म्हणाली.

“दिसलाच नाही त्यांना.”

सूनबाई चपापली. या घरातलं सगळं तिला दोन महिने आधी कळतं आणि ती मूग गिळून बसते, कारण लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी अजून तिला कुणी विचारत नाही. आज तिला राहवेना.

“ताटातली डावीकडची भाजी ते खात नाहीत,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. मला वाटलं, माझ्या हाताची आवडत नाही. मग एकदा ताट नुसतं फिरवून ठेवलं, तर तीच भाजी चाटूनपुसून खाल्ली आणि वर म्हणाले, आधी का नाही वाढलीस.”

“दाराच्या चौकटीला खांदा आपटतो त्यांचा,” चिरंजीव म्हणाले. “नेहमी डावा. मी चौकट तासून घेणार होतो.”

“चौकट तासून?” आत्या म्हणाली.

“मग काय आबांना तासू?”

आत्याने कपाळावर हात मारला, पण तिचाही आवाज उतरला होता. “मागच्या महिन्यात पेपर वाचत होते. मोठ्याने, नेहमीसारखे. मथळा होता, अविश्वास ठराव मंजूर. आबांनी वाचलं, विश्वास ठराव मंजूर, आणि चला, सरकार टिकलं म्हणून खूश झाले. मी त्यांना सुधारलंही नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाची चूक सोडून दिली.”

तर असं होतं. तिघांनी तीन तुकडे तीन खिशांत लपवून ठेवले होते. टेबलावर मांडल्यावर आख्खा माणूस झाला, डावीकडचं जग हरवलेला.

“उद्या डॉक्टरकडे न्यायचं,” सूनबाई म्हणाली. “वेळ मी घेतलीच आहे. पण आज चार वाजता काय?”

तोच खरा प्रश्न होता. आबांना सांगायचं म्हणजे ते स्वतःच उठून छिन्नी ठेवणार. सख्ख्या भावाला ज्याने नाही सोडलं तो माणूस स्वतःला सोडणार नव्हता. आणि छिन्नी गेली की आबा सहा महिने खिडकीत बसतील आणि सातव्या महिन्यात त्यांच्यासाठी दगड आखावा लागेल, हे चौघांनाही न बोलता कळत होतं.

“मी घेतो अंगावर,” चिरंजीव म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुझ्या खणात त्या कोरायच्या मशीनचं माहितीपत्रक आहे. आबांनी छिन्नी ठेवली तर तुला बरंच आहे. मग हे औदार्य कुठून उगवलं?”

“तेच तर,” चिरंजीव म्हणाले, आणि खरोखर लाजले. “आबांच्या जागी मशीन आणायचं म्हणून मी तीन वर्षं भांडतोय. पण त्यांनी मला हरवत राहावं असंच वाटतं ग. असं आयतं जिंकलेलं नको.”

बोलता बोलता ते चष्मा पुसायला लागले, म्हणून सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“पण बाबा, तू छिन्नी कधी धरलीयेस?” कानसने विचारलं.

“एकदा. रंगाचा डबा उघडायला.”

“मग गप्प बस. आखणी माझी होती. आबांना आधीच वाटतंय की मीच चुकले. मी हो म्हटलं की विषय संपला. हा ओरखडा घासून टाकते.”

“आणि तुझी छिन्नी?” सूनबाई म्हणाली. “सात वर्षं शिकलीस.”

“मी चोवीसची आहे. छत्र्या शिकेन.”

त्यावरून जे भांडण जुंपलं ते इथे देण्यासारखं नाही. एरवी पाण्याची मोटर कुणी बंद करायची यावरून आठ दिवस अबोला धरणारी ही माणसं ‘धोंडा माझ्या पायावर’, ‘नाही, माझ्या’ म्हणून एकमेकांवर ओरडत होती. त्यागाची साथ आली होती आणि कुणी औषध घ्यायला तयार नव्हतं.

*

कानस झामा दगड घेऊन मागच्या अंगणात आली. ओरखडा घासायला तोच बरा. तिथे कापलेल्या शिळांच्या ओळीशेजारी अनुस्वारकाका छत्रीवर रेलून उभे होते. पायरी चढायची नाही असं सांगितलं होतं, अंगणाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. हे नियमात बसवून ते एकतीस वर्षं मागच्या अंगणापर्यंत येत.

“ऐकू आलं सगळं,” ते म्हणाले. “गल्लीतही आलं. ठेव तो झामा.”

“काका, तुम्ही मधे पडू नका.”

“मी मधे पडत नाही. मी आधीच पडलेलो आहे. तुला सांगतो, कुणाला बोलायचं नाही.” त्यांनी छत्री भिंतीला लावली. “वंदनातला तो अनुस्वार आखणीत नव्हता. आखणी दादाची. मी आखलेलंच कोरलं.”

कानसच्या हातातला झामा तसाच राहिला.

“तुझी आजी तेव्हा दवाखान्यात होती. दादा तीन दिवस झोपला नव्हता. दगड परत आला आणि त्याने मला विचारलं, अनुस्वार आखला होता ना रे मी? त्याचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, होता. मी सोडला. म्हटलं, महिन्याभरात राग शांत होईल, न्यायला येईल.”

“आणि?”

“आणि छत्र्या.”

“तुम्ही सांगितलं का नाही?”

“आधी तोऱ्यात. मग रागात. मग दहा वर्षं झाल्यावर सांगायला लाज वाटायला लागली. त्यागाचं एक बघ. ज्याच्यासाठी करतो त्याला तो कळत नाही. त्याला वाटतं, हा खरंच गाढव आहे. आणि एकतीस वर्षं सगळ्यांनी गाढव समजलं की माणसाला स्वतःलाही शंका यायला लागते. तू हे करू नकोस. खरं सांगून मोकळी हो.”

“आणि मग आबांचं काय?”

अनुस्वारकाकांनी छत्री पुन्हा हातात घेतली. शहाणपण सगळं असंच असतं, ऐनवेळी त्याला दुसरीकडे काम निघतं.

*

चारला पाच कमी असताना बेकरीवाला आला. त्याला बसायला स्टूल दिलं, तो बसला नाही.

“कोण?”

“मी,” चिरंजीव एक पाऊल पुढे आले. “मधली ओळ मी कोरली.”

बेकरीवाल्याने टेबलावरची छिन्नी आणि हातोडी उचलून त्यांच्या हातात दिली आणि कोपऱ्यातला फुटका तुकडा समोर सरकवला. “एक काना काढा. सरळ उभी रेघ. मग मानतो.”

चिरंजीवांनी छिन्नी धरली ती उलटी. बेकरीवाल्याने ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली, एखाद्या मुलाच्या हातातून सुरी काढावी तशी.

“चूक माझी,” सूनबाई म्हणाली. “माल जाण्याआधी मी तपासते. शुक्रवारी तुमची गाडी लवकर आली आणि मी न वाचता दगड जाऊ दिला.”

“न वाचणं म्हणजे अक्षर गाळणं नव्हे. तुमच्याकडे छिन्नीच नाही, ठेवणार काय? लाटणं?”

सूनबाईला राग यायला हवा होता, पण तिला हसू आलं आणि ते तिने पदराआड लपवलं.

आता आत्या उठली. आत्या उठते तेव्हा स्टूलसुद्धा सावध होतं. पुढे जे ती बोलली त्याची किंमत ओळखायची तर एक लक्षात घ्या: या बाईला मरण चाललं असतं, ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही.

“मजकूर मी लिहून दिला,” ती म्हणाली. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. “त्यात मी मरणार्थ लिहिलं. मला वाटलं, तो शब्द तसाच आहे.”

बेकरीवाला आत्याकडे बघतच राहिला. तो तिचा विद्यार्थी. सातवीच्या वर्गात अर्धा र चुकवला म्हणून तिने त्याच्याकडून ‘आशीर्वाद’ शंभरदा लिहून घेतलं होतं. त्याच्या बेकरीच्या पाटीवर आजही शब्द बिनचूक आहेत ते त्याच धास्तीने.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “खाली बसा. असं बोलू नका. मला बघवत नाही.”

“मी खरं सांगतेय.”

“बाई, तुम्ही हे म्हणालात हेच मी बाहेर सांगणार नाही. सांगितलं तरी कोण विश्वास ठेवेल?”

आत्या बसली. सूनबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आत्याने तो झटकला नाही.

“पुरे झालं,” कानस म्हणाली. “आखणी माझी. अर्धा स मीच आखला नाही. आबांनी आखलेलं कोरलं. घ्या.” तिने आपली छिन्नी टेबलावर आपटली. दगडावरचा ओरखडा तिने घासला नव्हता. काकांच्या बोलण्याने हातच चालला नव्हता. डाव्या कडेवर तिने फक्त पुन्हा मैदा भुरभुरला होता.

बेकरीवाल्याने मान हलवली. हे पटण्यासारखं होतं. त्याने छिन्नीकडे हात नेला, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

आबा खाली येत होते. डावा खांदा कठड्याला घासला, चौकटीला आपटला, पण ते थांबले नाहीत. वरच्या खोलीत ते झोपले नव्हतेच. दोन तास ते छताकडे बघत पडले होते, खालचं भांडण पंख्याच्या घरघरीत नुसती कलकल होऊन पोचत होतं, आणि छतावर त्यांना त्यांचा भाऊ दिसत होता, पायरी उतरून जाणारा, मागे वळून न पाहणारा. नियम बरोबर होता, हे ते एकतीस वर्षं रोज स्वतःला सांगत आले होते. आता तोच नियम पोरीला लावायचा. पोर चुकली होती, यात त्यांना शंका नव्हती. पण पुन्हा ते पायरी उतरणं बघायची ताकद राहिली नव्हती. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि कुठल्याही नवशिक्यासारखी वाक्यं पाठ केली होती.

“तिची छिन्नी तिला दे,” आबा म्हणाले. “आखणी बरोबर होती. अर्धा स आखलेला होता, स्पष्ट होता. कोरताना मी सोडला. अक्षर माझ्या हातून गळलं.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत होता आणि शब्दन् शब्द खरा होता. हसावं की रडावं हे कळायलाही वेळ नव्हता.

“आबा, तुम्ही उगीच पोरीसाठी...” बेकरीवाला म्हणाला.

“मी उगीच काही करत नाही. हे बघ, इथे होता तो स.” आणि खोट्याला हावभावाची जोड द्यावी म्हणून आबांनी बोट दगडावर टेकवलं. ‘म’वरून ते डावीकडे सरकवलं, जिथे त्यांच्या लेखी नुसता कोरा दगड होता.

कानसने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. बोट थांबलं. मागे आलं, पुन्हा गेलं. साठ वर्षं दगडावर फिरलेलं बोट, डोळ्यांहून जास्त शिकलेलं. ओरखडा बोटाने वाचला: वरची वळणदार गाठ, खालचा झोल, मग ‘म’ला टेकणारी रेघ. अर्धा स.

आबांनी मान डावीकडे पूर्ण वळवली, अगदी खांद्यापर्यंत, आणि मग त्यांना तो दिसला.

“आहे की,” ते म्हणाले.

कानसने उरलेला मैदा तळहाताने पुसून टाकला.

“तुम्हाला माहीत होतं.” त्यांनी एकेकाकडे पाहिलं. “सगळ्यांना.”

“भाजीमुळे,” सूनबाई म्हणाली, आणि आता तिला रडू आलं.

आबा सावकाश बसले. मग कमरेच्या पट्ट्यातून त्यांनी आपली छिन्नी काढली. साठ वर्षांत धार लावून लावून ती निम्मी झाली होती. ती त्यांनी दगडाशेजारी ठेवली. मागच्या दारात अनुस्वारकाका उभे होते, अंगणातच, उंबऱ्याच्या एक वीत बाहेर.

“ऐकलंस?” आबा त्यांना म्हणाले. “गळलं माझ्याही हातून. झालं समाधान?”

हे वाक्य ऐकायची स्वप्नं अनुस्वारकाकांनी छत्र्यांच्या काड्या वाकवत शेकडो वेळा पाहिली होती. आता ते समोर आलं आणि शिळ्या पावासारखं घशाखाली उतरेना.

“नाही,” ते म्हणाले. “दादा, उचल ती.”

“नियम आहे.”

“नियम काय आहे?” आत्या म्हणाली. डोळे पुसून ती दारावरच्या दगडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वर्गात कुणाची तरी वही हातात घेतल्यावर यायचा तो भाव आला होता. “छिन्नी ठेवावी. बरोबर? कुठे ठेवावी?”

“म्हणजे काय? खाली ठेवावी.”

“खाली कुठे लिहिलंय? ठेवावी म्हणजे खाली ठेवावी, किंवा ठेवावी म्हणजे जवळ ठेवावी. पैसे ठेव, लक्षात ठेव, नोकरीवर ठेव. ज्याच्या हातून अक्षर गळेल त्याने छिन्नी ठेवावी, सोडू नये, चूक दुरुस्त करावी. वाक्याचे दोन अर्थ होतात आबा, आणि आपण चार पिढ्या त्यातला वाईट तो घेतला.”

“आजोबांना खालीच म्हणायचं होतं,” आबा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

“मग लिहायचं होतं. दगडावर जागा संपली असेल आणि ‘खाली’ राहिलं असेल. म्हणजे या घरातली पहिली गळती त्यांची. आख्खा शब्द.” आत्याने नाक पुसलं. “त्यांना कुणी घराबाहेर काढलं नाही.”

बेकरीवाला पहिल्यांदा स्टुलावर बसला. “मला काय, माझा स मिळाला की झालं,” तो म्हणाला. “बहीण उद्या सकाळी पुन्हा बघायला येणार आहे. जागा तर सोडलेलीच आहे ना?”

“जागा आहे,” कानस म्हणाली. “तासाभराचं काम. पण डाव्या कडेला आहे.” बोलता बोलता ती थांबली. मग तिने दगडाला दोन्ही हात घातले आणि तो टेबलावर गर्रकन फिरवला. खालची बाजू वर, डावी कड उजवीकडे. आईने ताट फिरवलं होतं तसंच. “आबा, आता दिसतोय?”

अर्धा स आबांच्या उजव्या हाताशी होता, पाय वर करून पडलेला. आबांनी वाकून पाहिलं.

“उलटा आहे,” ते म्हणाले.

“तुम्हीच म्हणता ना, कोरणाऱ्याने वाचायचं नाही.”

आबांनी छिन्नीकडे पाहिलं, दारावरच्या दगडाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग छिन्नी उचलली. पहिला टवका उडाला तसा चिरंजीवांनी सुस्कारा सोडला आणि खणातलं माहितीपत्रक काढून आणखी खालच्या खणात टाकलं.

“तू काय तिथे उन्हात उभा?” आबा मान वर न करता म्हणाले. “पायरी चढून ये. इथे बस.”

अनुस्वारकाका उंबऱ्यापाशी घुटमळले. आत आले तेव्हा त्यांना छत्री कुठे ठेवावी ते कळेना. रिकामी जागा आबांच्या डावीकडेच होती. तिथे ते बसले, जिथून आबांना ते दिसत नव्हते.

थोडा वेळ नुसती हातोडी वाजत होती. टक, टक, थांबून फुंकर, पुन्हा टक.

“एक विचारू?” आबा म्हणाले. हातोडी थांबली होती. ते समोरच बघत होते. “आज सगळे माझ्यासाठी खोटं बोलले. मीही बोललो. म्हणून मनात आलं. त्या वेळी, मुख्याध्यापकांच्या दगडावर, अनुस्वार मी आखला होता का रे? खरं सांग.”

अनुस्वारकाकांच्या चेहऱ्यावरून एकतीस वर्षं, सगळ्या छत्र्यांसकट, सरसर सरकून गेली. ती फक्त कानसला दिसली. तिने तोंड उघडलं, तोच छत्रीचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकलं आणि चांगलंच दाबलं गेलं.

“होता दादा,” अनुस्वारकाका म्हणाले. “चांगला ठसठशीत होता. मीच सोडला.”

“वाटलंच मला,” आबा म्हणाले, आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.